‘राहून गेले’ कोणाचे?



‘स्वाध्याय लिहायचा राहून गेला’ हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारले असेल. त्याचे व्याकरण करून पाहा. राहून गेला तो स्वाध्याय. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबाने कर्ता स्वाध्यायच. ज्याने तो लिहावयाचा होता, तो मनुष्य या वाक्यात कोठेही नाही. बैल दावणीला राहून जावा, छत्री दुकानात राहून जावी, तसा स्वाध्याय आपला आपणच मागे राहिला. ‘मी स्वाध्याय लिहिला नाही’ या वाक्याचा अर्थही तोच. परंतु ते वाक्य उच्चारताना जीभ किंचित अडखळते. हे अडखळणे म्हणजेच आत्मभानाचा आरंभ आहे असे मी मानतो, आणि प्रस्तुत लेखात तेवढेच सांगावयाचे आहे.

‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. कोणत्याही बसस्थानकावरील पुस्तकविक्रेत्याकडे या नावाची दहा पुस्तके सहज मिळतात. आरशासमोर उभे राहून कसे बोलावे, मुलाखतीत हात कोठे ठेवावेत, पहाटे किती वाजता उठावे, हे सर्व त्यांत असते. माणूस स्वतःला इतरांसमोर कसा मांडतो याचीच काळजी या पुस्तकांना अधिक. तो मुळात कसा आहे याची विचारपूस क्वचितच. याउलट आपल्या अभ्यासक्रमातील ज्या विषयाला विद्यार्थी सर्वाधिक कंटाळतात, त्या व्याकरणात स्वतःकडे पाहण्याचे एक उत्तम साधन पडून आहे. ‘प्रयोग ओळखा’ या प्रश्नाला मिळणारे दोन गुण म्हणजे व्याकरण, अशी समजूत असल्यामुळे ते साधन आपण वापरत नाही. इतर विषय पुस्तकात असतात. व्याकरण आपण तोंडात घेऊन हिंडत असतो.

मराठीच्या संयुक्त क्रियापदांकडे पाहा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून आपले व्याकरणकार या क्रियापदांचे वर्गीकरण करीत आले आहेत. तो तपशील तुम्ही पाठ्यघटकात वाचालच. येथे एक साधे उदाहरण घेऊ. सकाळी घरातील स्त्री भाकरी करते. क्रिया एकच, पण ती कशी सांगितली जाते ते ऐका. ‘भाकरी करून दिल्या’ म्हटले की त्या दुसऱ्या कोणासाठी होत्या. ‘करून ठेवल्या’ म्हटले की पुढच्या वेळेची तरतूद झाली. ‘करून घेतल्या’ म्हटले की काम स्वतःच्या सोयीने, आपल्या मनाजोगे उरकले. आणि ‘करून टाकल्या’ म्हटले की डोक्यावरचा भार एकदाचा उतरवला. चारही वेळी तव्यावर तीच कळण्याची भाकरी आहे. करणारीचे मन मात्र चार ठिकाणी आहे. यात ‘करून बसणे’ आणि ‘करून जाणे’ यांची भर घाला. ‘मी त्याला बोलून बसलो’ यात पश्चात्ताप आहे, ‘बोलून गेलो’ यात निसटलेपण आहे. मूळ क्रिया आपण जगाला सांगतो. तिच्यामागे आपले मन कोठे होते ते सहायक क्रियापद सांगते. ते आपण निवडलेले असते, पण निवडताना त्याकडे आपले लक्ष नसते. म्हणून तर त्याची साक्ष विश्वसनीय.

आपला स्वतःचा एक दिवस या दृष्टीने तपासून पाहा. मुलाला गणित ‘शिकवून दिले’ की ‘शिकवून टाकले’? आजारी सासऱ्यांना औषध ‘देऊन आलो’ की ‘देऊन टाकले’? शब्द बदलल्याने औषधाचा गुण बदलत नाही हे खरे. परंतु ‘टाकले’ हे क्रियापद दिवसातून वीस वेळा तोंडून येत असेल, तर आपण आपल्या आयुष्याकडे उतरवून ठेवण्याचे ओझे म्हणून पाहत आहोत हे आपल्याला कळलेले बरे. ते कळावयास कोणी गुरू लागत नाही.

आता दुसरा प्रकार. राग, कंटाळा, भीती, आठवण, लाज या गोष्टी मराठीत आपण करीत नाही. त्या आपल्याला येतात, वाटतात, होतात. ‘मला राग आला.’ आमच्या पिंपळनेर परिसरात अहिराणीत म्हणतात, ‘माले राग उना.’ रचना तीच. अनुभव घेणारा ‘मी’ येथे कर्त्याच्या जागेवरून उठून चतुर्थीत जाऊन बसतो, आणि राग हा बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखा वाक्याचा कर्ता होतो. हे एकट्या मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. हिंदी, गुजराती, कानडी, तमिळ या भाषांतही ही रचना आहे.

येथे एक इशारा देणे भाषावैज्ञानिक म्हणून माझे कर्तव्य आहे. एडवर्ड सपीर आणि बेंजामिन ली व्होर्फ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक विचार असा आहे की, माणसाची भाषा त्याच्या विचाराला वळण देते. त्याचे टोकाचे रूप, म्हणजे भाषा विचाराला जखडून टाकते हे मत, आज भाषावैज्ञानिक सहसा स्वीकारत नाहीत. त्यामुळे ‘मला राग आला’ असे म्हणणारा समाज आपल्या रागाची जबाबदारी घेत नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उथळ ठरेल. मला तर या रचनेत एक शहाणपण दिसते. राग खरोखरच येतो; बोलावून आणावा लागत नाही. प्रश्न आहे तो पुढच्या वाक्याचा. ‘मला राग आला आणि मी ओरडलो.’ या वाक्यात ‘मला’चा ‘मी’ कोठे झाला, ते पाहा. ‘आणि’ या अव्ययापाशी. आलेला राग आणि केलेले ओरडणे यांच्यामध्ये तेवढीच जागा आहे. दैनंदिन जीवनातील आत्मभान म्हणून जे काही असेल, ते त्या ‘आणि’एवढ्या जागेत मावते.

ही जागा बुजवून टाकण्याची युक्तीही भाषेतच आहे. ‘राग आला आणि हात उठला.’ येथे ‘मी’ आलाच नाही. उठला तो हात. बायकोवर, मुलावर, वर्गातल्या पोरावर उठलेल्या हाताची कैफियत आपल्याकडे बहुधा याच वाक्यात दिली जाते, आणि ऐकणारे मान डोलावतात. हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तो ऐकताच कान टवकारावेत अशी मात्र माझी अपेक्षा आहे. विशेषतः तो आपल्याच तोंडून आला तर.

रोजच्या कामात मन कोठे असते हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सहकैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवार, आणि प्रत्येक रविवारी एक अध्याय. समोर बसलेले साने गुरुजी ती लिहून घेत होते. आज आपण ‘गीता प्रवचने’ म्हणून वाचतो तो ग्रंथ या लेखणीमुळे आपल्या हाती आला. त्यात विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाचा लावलेला अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘विकर्म’ म्हणजे निषिद्ध कर्म, हा रूढ अर्थ. विनोबा मात्र विकर्म म्हणजे विशेष कर्म, असे म्हणतात: बाहेर हातांनी चाललेल्या कर्माला आतून मिळालेली मनाची जोड. ही जोड मिळाली की कर्माचा भार उरत नाही, ते अकर्म होते. तुरुंगात सक्तीचे काम करणाऱ्यांसमोर हे सांगितले जात होते, ही गोष्ट विसरू नये. आध्यात्मिक भाग बाजूला ठेवला तरी कामाच्या आतील मनाकडे पाहण्याची ही दृष्टी आपल्या उपयोगाची आहे. ‘करून टाकले’ आणि ‘करून दिले’ यांतील जे अंतर आपण वर पाहिले, ते विकर्म असण्या-नसण्याचेच अंतर नव्हे काय?

आता कोणी म्हणेल, हे सगळे फुरसतीचे उद्योग आहेत. दिवसभर दुकानात उभे राहणारा, रात्री शेताला पाणी भरणारा, दोन मुले सांभाळून बी. ए. करणारी यांना स्वतःकडे पाहत बसायला वेळ कोठला? आक्षेप योग्य आहे, पण तो ध्यानासाठी वेगळा तास काढायला सांगणाऱ्यांना लागू पडतो. बोलणे तर आपण करतच असतो. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी काम करता करता त्या ओव्या रचीत. इतरांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९५२ साली निघाला. मन, संसार, माणसाचे वागणे यांविषयी त्यांनी जे पाहिले त्यासाठी त्यांना कामातून सुट्टी मिळालेली नव्हती. (जाता जाता: बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असे सर्रास लिहिले जाते. ती पूर्व खानदेशातील लेवा समाजाची बोली आहे. अहिराणीशी तिचे नाते जवळचे असले तरी दोन्ही एक नव्हेत. परीक्षेत हा फरक जपावा.)

बहिणाबाईंचे नाव निघाले म्हणजे एका अवघड विषयाकडे वळावेच लागते. मी राहतो ते पिंपळनेर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी वसलेले. पश्चिमेला डोंगर, आदिवासी पाडे, आणि पलीकडे गुजरात. बाजाराच्या दिवशी येथे अहिराणी, कोकणी, भिली, मावची, प्रमाण मराठी, हिंदी आणि थोडी गुजराती एकाच रस्त्यावर कानी पडते. त्या गर्दीतला एखादा माणूस तासाभरात तीन भाषा बोलतो आणि आपण काही विशेष केले असे त्याला वाटत नाही. पण नीट ऐकले तर एक गोष्ट लक्षात येते. भाजीवालीशी ‘काय भाव शे?’ असे मोकळ्या आवाजात विचारणारा हाच माणूस बँकेच्या खिडकीशी गेला की त्याचा आवाज खाली येतो, वाक्ये तुटतात, आणि ‘शे’च्या जागी येणारा ‘आहे’ जपून टाकलेल्या पावलासारखा येतो. भाषा बदलताना त्याने स्वतःची किंमतही बदललेली असते. माझ्या मते आपल्यापैकी अनेकांच्या आत्मभानाची कसोटी येथे आहे.

१९०७ साली जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीची नोंद भिल्ल भाषांबरोबर झाली. ‘ना-नी’ हे षष्ठीचे प्रत्यय गुजरातीशी नाते सांगतात, तर इतर अनेक लकबी मराठीशी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, आणि ती मातृभाषा म्हणून सांगणारे १८ लाखांहून अधिक निघाले. ती बोली की भाषा, या वादात येथे शिरत नाही. तो वाद अर्धा भाषाविज्ञानाचा आणि अर्धा राजकारणाचा आहे. मला विचारावयाचे आहे ते एवढेच: जनगणनेचा कर्मचारी तुमच्या दारात उभा राहून ‘मातृभाषा?’ असे विचारील, तेव्हा तुम्ही काय सांगाल? अहिराणी, कोकणी, भिली की मराठी? आणि ते उत्तर माहिती म्हणून द्याल, की समोरच्याला काय वाटेल याचा विचार करून?

तुम्ही प्रमाण मराठी शिकू नये, असे कोणी यावरून समजू नये. ती शिकावीच लागेल. उत्तरपत्रिका त्याच भाषेत लिहावयाची आहे, अर्ज त्याच भाषेत करावयाचे आहेत, आणि तिच्यातील ग्रंथसंपदा आपलीच आहे. माझा विरोध आहे तो तिच्या नावाने घरात होणाऱ्या दुरुस्तीला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेला मुलगा पाहुण्यांसमोर आईला म्हणतो, ‘आई, नीट बोल.’ त्यानंतर पाहुणे आले की आई स्वयंपाकघरातच थांबते. मुलाचे व्यक्तिमत्त्व विकसित झाले असे त्या पाहुण्यांना वाटेल. मला तसे वाटत नाही. एका भाषेत तो वाढला आणि दुसऱ्या भाषेत घरातले एक माणूस त्याने गप्प केले. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत एवढे भान ठेवणे हाही अभ्यासाचाच भाग आहे, मग त्याला गुण असोत वा नसोत.

याच्या उलट टोकालाही एक धोका आहे. स्वतःचे बोलणे ऐकू लागलेला विद्यार्थी कधी कधी इतका सावध होतो की त्याला बोलताच येत नाही. शुद्धलेखनाच्या नियमांची भीती बसून कोरा कागद परत देणारे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहेत. ऐकणे आणि पकडणे यांत फरक आहे. पोलीस आपल्यामागे लावल्यासारखे स्वतःला तपासू नका. शेजारच्या घरातले बोलणे कानावर पडावे, तितक्याच सहजपणे आपले बोलणे आपल्या कानावर पडू द्या.

संपर्क सत्रात मी विद्यार्थ्यांना एक वही ठेवावयास सांगतो. रोज रात्री एकच वाक्य लिहावयाचे: आज मी बोललो अशा वाक्यांपैकी कोणतेही एक, जसेच्या तसे, ज्या भाषेत बोललो त्याच भाषेत. त्यावर भाष्य करावयाचे नाही, पश्चात्ताप लिहावयाचा नाही. फक्त क्रियापदाखाली आणि सर्वनामाखाली रेघ मारावयाची. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन आठवड्यांची वही आणली. एकवीस वाक्यांत ‘करून दिले’, ‘नेऊन दिले’, ‘भरून दिले’ अशी क्रियापदे ओळीने होती. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद एकदाही आलेले नव्हते. तिने तक्रार केली नाही. ‘सर, हे व्याकरणात चालतं का?’ एवढेच विचारले. व्याकरणात चालते, असे मी तिला सांगितले. त्यापुढचे उत्तर व्याकरणाजवळ नाही, आणि माझ्याजवळही नव्हते.

सर्वनामांनी तर याहून अधिक बोलके काही दाखवले. रॉजर ब्राऊन आणि आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा अभ्यास करून असे मांडले की, या सर्वनामांमागे दोन शक्ती काम करतात: सत्ता आणि जवळीक. आपल्याला हे वेगळे सांगावयास नको. आपण आईला ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही ‘तू’ म्हणतो. अहिराणीत तर वडिलांना, आजोबांनाही ‘तू’ म्हटले जाते आणि त्यात अनादर नसतो. मग ‘तू’ केव्हा खुपतो? उलट दिशेने तो येऊ शकत नाही तेव्हा. खानदेशात आखाजीला सालदार ठरतो. वर्षभर तो त्या घरी राबतो. साठीच्या सालदाराला पंचविशीचा मालक ‘तू’ म्हणतो. सालदार मालकाला कधीही ‘तू’ म्हणणार नाही. तेव्हा हा ‘तू’ जवळिकीचा नव्हे. हे ओळखावयास ब्राऊन आणि गिलमन लागत नाहीत. आजच्या संभाषणाच्या दोन्ही बाजू आठवून पाहिल्या तरी पुरे.

एका शेतकरी विद्यार्थ्याच्या वहीत ही रेघ ओळीने चार दिवस सालदाराला उद्देशून वापरलेल्या ‘तू’खाली पडली. पाचव्या दिवशी त्याने ‘तुम्ही’ म्हणून पाहिले. म्हातारा आधी हसला, मग अवघडला. आपले काही चुकले की काय, अशी त्याला शंका आली. वर्षानुवर्षांचे नाते एका सर्वनामाने सरळ होत नाही, उलट कधी कधी दुसऱ्यालाच कोड्यात टाकते. नंतर त्या विद्यार्थ्याने अहिराणीचाच मार्ग धरला. सर्वनाम राहिले तेच, पण आजवर नुसत्या नावाने हाक मारत होता ती नात्याने मारू लागला. वहीत वाक्य आहे: ‘आबा, तू जेवना का?’ ‘तू’खाली रेघ मारावी की ‘आबा’खाली, असा प्रश्न त्याने समासात लिहून ठेवला आहे.

पुढील संपर्क सत्रास येताना अशी वही सोबत आणावी. ती तपासली जाणार नाही आणि तिला गुणही नाहीत. ज्यांना आपली वाक्ये इतरांना दाखवावयाची नसतील त्यांनी केवळ क्रियापदे आणि सर्वनामे वेगळ्या कागदावर उतरवून आणावीत. चर्चेला तेवढी पुरतील.